सीआरपी नॉर्मल, बाई आजारी

आजाराला जात नसते, हे वाक्य आम्ही गेली दहा-बारा वर्षे आरोग्य शिबिरांच्या उद्घाटनात ऐकत आलो आहोत. बोलणारे पाहुणे जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतात, हार घालून घेतात, हे वाक्य बोलतात आणि शिबिर सुरू होण्याआधी निघून जातात. आजाराला जात नसेलही. पण तो ओळखला कधी गेला, तपासण्या किती झाल्या, गोळी सलग किती महिने मिळाली आणि शेवटी शरीरातला कोणता अवयव शाबूत राहिला, हा हिशोब मांडायला बसले की वस्ती दिसायला लागते. मंठा तालुक्यात काम करताना हा हिशोब आम्हाला एका आजाराने शिकवला. त्याचे नाव ल्युपस. डॉक्टरांच्या कागदावर एसएलई.

चळवळीतल्या बहुतेक तरुण मित्रांनी हे नाव ऐकलेले नसेल. बीपी, शुगर, टीबी, कॅन्सर हे शब्द वस्तीत रुळले, ल्युपस रुळलेला नाही. बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असलेली रोगप्रतिकारशक्ती या आजारात स्वतःच्याच शरीरावर उलटते. सांधे, कातडी, रक्त, फुप्फुसाचे आवरण, हृदय, मेंदू, किडनी, कुठेही दाह होऊ शकतो. दहा रुग्णांत साधारण नऊ बाया असतात. त्याही बहुधा पंधरा ते पंचेचाळीस वयातल्या, म्हणजे घर, रान आणि लेकरे तिन्ही ओढण्याच्या वयातल्या.

मंठ्यात हा आजार कसा दिसतो? गालांवर आणि नाकावर लालसर चट्टा आला की म्हणतात वांग आले. बोटांचे सांधे सुजले की वात. तोंडात फोड आले की उष्णता. केस मूठमूठ गळाले की पाणी बदलले. बारीक ताप महिना महिना राहिला की चिकुनगुनिया अंगात मुरला. प्रत्येक लक्षणाला आपल्याकडे नाव आहे, वेगळा उपाय आहे आणि वेगळा दवाखाना आहे. ही सगळी लक्षणे एकाच बाईची आहेत, हे एका कागदावर कोणी लिहीत नाही.

तालुक्यातल्या एका खेड्यातली आमच्या ओळखीची एक ताई असेच चार दवाखाने फिरली. तेव्हा तिचे वय सव्वीस. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर उसाला जायची. दोघांच्या कोयत्यावर उचल घेतलेली, म्हणजे दोघांनी मिळून फेडायची. एक दिवस पडून राहिले की खाडा धरला जातो आणि खाड्याचे पैसे उलट अंगावर चढतात. त्यामुळे ती दुखण्याच्या गोळ्या खाऊन फडात उभी राहायची. ऊन लागले की चट्टा वाढायचा, सांधे धरायचे. ल्युपसला ऊन चालत नाही. पुढे जेव्हा निदान झाले आणि डॉक्टरांनी उन्हात जायचे नाही असे सांगितले, तेव्हा तिने आम्हाला विचारले होते, "दादा, उन्हात न्हाई जायचं तर खायाचं काय?" या प्रश्नाला उत्तर देणारी गोळी अजून निघालेली नाही.

त्याआधीचे सांगतो. एका खासगी दवाखान्यात तिचे रक्त तपासले. ईएसआर नव्वदच्या पुढे, हिमोग्लोबिन आठ, सीआरपी मात्र नॉर्मल. तिला सांगण्यात आले की ईएसआर रक्त कमी असल्यामुळे वाढलेला आहे, सीआरपी चांगला आहे म्हणजे आत सूज नाही, काळजी जास्त करता. लोहाच्या गोळ्या आणि एक झोपेची गोळी मिळाली. घरी सासूने निष्कर्ष काढला की कामाचा कंटाळा आहे.

हे रिपोर्ट कसे वाचायचे ते प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ईएसआर म्हणजे उभ्या काचेच्या नळीत रक्त ठेवले तर तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात त्याचे माप. शरीरात दाह असला की त्या लवकर बसतात. पण रक्त कमी असले तरी बसतात, गरोदरपणात बसतात, टीबीत बसतात. आपल्या वस्त्यांत रक्त कमी नसलेली बाई शोधावी लागते, त्यामुळे वाढलेला ईएसआर तिच्या खाती रक्ताच्या कमतरतेवर टाकून मोकळे होणे फार सोपे असते. सीआरपी हे लिव्हरमध्ये तयार होणारे प्रथिन. न्यूमोनियासारख्या संसर्गात ते एकदम उसळते. ल्युपसची खोड अशी की आजार ऐन भरात असतानाही सीआरपी पुष्कळदा नॉर्मल किंवा जेमतेम वाढलेला राहतो. या आजारात शरीरात इंटरफेरॉन जास्त तयार होते आणि ते लिव्हरला सीआरपी बनवू देत नाही, हे त्याचे एक कारण. उलट ल्युपसच्या रुग्णाचा सीआरपी अचानक खूप वाढला, तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो, किंवा फुप्फुस-हृदयाच्या आवरणाला सूज आली आहे का ते पाहावे लागते. म्हणजे ईएसआर वाढलेला आणि सीआरपी नॉर्मल, ही जोडी दिसली की बाईला घरी पाठवायचे नसते. तिला आणखी प्रश्न विचारायचे असतात.

पुढच्या तपासण्या आहेत. एएनए ही पहिली चाळणी, पण ती काही निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते, म्हणून नुसत्या एएनएवरून ल्युपसचा शिक्का मारायचा नाही. अँटी डीएस-डीएनए ही प्रतिपिंडे आजार उसळला की बहुधा वाढतात. सी३ आणि सी४ ही प्रथिने मात्र कमी होतात, कारण दाहात ती खर्ची पडतात. वाढलेला आकडा म्हणजे आजार, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. इथे घटलेला आकडाही धोक्याचा असतो.

आणि या सगळ्या महागड्या रक्ततपासण्यांपेक्षा स्वस्त असलेली एक तपासणी आहे, ती लघवीची. ल्युपसमध्ये जवळपास निम्म्या रुग्णांच्या किडनीला कधी ना कधी झळ पोचते. किडनी दुखत नाही. तिची गाळणी फाटायला लागली की प्रथिने लघवीतून वाहून जातात, लघवीला फेस येतो, पायाला सूज येते, बीपी वाढते. रक्तातले क्रिएटिनीन वाढेपर्यंत किडनीची ताकद बरीच गेलेली असते. लघवीतली प्रथिने मात्र त्याच्या खूप आधी बोलतात.

आमच्या ताईच्या पायातली जोडवी रुतायला लागली होती. सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबला की खड्डा. आमच्यासोबत काम करणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंनी तिच्या लघवीत पट्टी बुडवली. पिवळी पट्टी हिरवीगार झाली, तीन अधिक. तिथून तिला छत्रपती संभाजीनगरला नेले, ल्युपसचे निदान झाले, किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. सहा वर्गांपैकी चौथा वर्ग निघाला, जो किडनीसाठी सर्वांत धोक्याच्या वर्गांपैकी एक आहे. पहिल्या लक्षणापासून या निदानापर्यंत दीड वर्ष गेले होते. पट्टीची किंमत काही रुपये.

तिच्या आजाराच्या आधी तिचे दोनदा पोट पडले होते. त्याचा बोल आपल्याच समाजातल्या लोकांनी तिला लावला, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातही सुनेच्या पोटात गर्भ टिकत नाही याचा न्यायनिवाडा ओट्यावर बसून होतो. ल्युपसमध्ये आणि त्याच्यासोबत काहींच्या रक्तात असणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे गर्भ पडू शकतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. ते रक्त तपासून कळते आणि त्यावर उपचार आहेत. आजार किमान सहा महिने शांत असताना, डॉक्टरांना विचारून आणि गर्भाला घातक औषधे वेळीच बदलून ल्युपसच्या बाया सुखरूप बाळंत होतात. लग्न मोडायला निघालेल्या मंडळींनी आधी हे वाचावे.

आता औषधांकडे येऊ. ल्युपसच्या उपचाराचा पाया हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही जुनी, तुलनेने स्वस्त गोळी आहे. १९९१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की आजार शांत असलेल्या रुग्णांची ही गोळी बंद केली तर आजार उसळण्याचा धोका अडीच पट होतो. वजनाप्रमाणे मात्रा ठेवून आणि डोळ्यांचा पडदा वेळोवेळी तपासून ती वर्षानुवर्षे घ्यायची असते. गरोदरपणातही ती चालू ठेवतात. हीच ती २०२० मधली गोळी. २३ मार्च २०२० रोजी आयसीएमआरच्या कृती दलाने कोरोना होऊ नये म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना ती देण्याची शिफारस केली आणि टीव्हीवर तिचे नाव गाजायला लागले. पाहता पाहता दुकानांतून ती गायब झाली. ज्यांना कोरोना नव्हता आणि ल्युपसही नव्हता, अशा लोकांच्या कपाटात ती जाऊन बसली. एप्रिलमध्ये आम्ही मंठा, परतूर, जालना असे फोन फिरवत होतो आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, माल नाही. जूनमध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीने दवाखान्यात भरती असलेल्या कोरोना रुग्णांना या गोळीचा फायदा होत नाही हे सांगितले. तोपर्यंत आमच्या ताईचे सव्वादोन महिने गोळीविना गेले होते.

त्या काळात तिच्याकडे एकच औषध होते, स्टेरॉईड. ते स्वस्त आहे, कुठेही मिळते आणि दोन दिवसांत माणूस उठून बसतो. किडनीसाठी दिलेली दुसरी गोळी महाग पडायची, ती आधी निम्मी झाली, मग बंद. स्टेरॉईड चालू राहिले, कारण ते खाल्ले की कोयता हातात धरता यायचा. स्टेरॉईड वाईट आहे असे कोणी समजू नये. ल्युपस उसळतो तेव्हा ते जीव वाचवते आणि घेणाऱ्याने ते मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. पण ते टप्प्याटप्प्याने खाली आणायचे असते. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात की दीर्घकाळासाठी दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि जमेल तेव्हा बंद. हे खाली आणणे जमते ते बाकीची औषधे नियमित मिळाली तरच. आमच्या ताईला ती मिळाली नाहीत. दीड वर्षाने तिच्या उजव्या खुब्यातल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला आणि हाड आतून बसले. किडनी अर्धीमुर्धी वाचली, खुबा गेला.

ल्युपसच्या डॉक्टरांनी १९९६ साली कायमच्या नुकसानीची एक मोजपट्टी तयार केली. शरीराच्या १२ विभागांत किमान सहा महिने टिकलेले नुकसान तीत मोजतात. मोतीबिंदू, झटका, किडनी निकामी होणे, हाड बसणे, मधुमेह असे प्रत्येकाला गुण. यात फक्त आजाराने केलेले नुकसान धरत नाहीत, औषधाने केलेलेही धरतात. हा आकडा वाढतो किंवा आहे तिथे थांबतो, कमी कधीच होत नाही. ईएसआर उतरू शकतो, सी३ भरून येऊ शकतो. खुब्याचा गुण पुसला जात नाही.

आता मुद्दा असा की हा आकडा कोणाचा जास्त वाढतो? आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले ते नामांतरासाठी ज्या विद्यापीठाच्या दारात माणसे मेली त्या विद्यापीठातून, त्यामुळे हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. अमेरिकेत ल्युपस काळ्या स्त्रियांमध्ये जास्त आढळतो आणि जास्त तीव्र असतो. हे रक्तातच आहे, वंशातच आहे, असे म्हणून विषय संपवता आला असता. पण कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड येलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला. जे गरिबीतच राहिले त्यांच्या अवयवांचे नुकसान जास्त साचले. जे गरिबीतून कायमचे बाहेर पडले, त्यांचे नुकसान कधीच गरीब नसलेल्यांच्या जवळ आले. आजार तोच होता आणि माणसेही तीच. २०१९ मध्ये डेव्हिड चे आणि सहकाऱ्यांनी अटलांटा परिसरातील ल्युपस असलेल्या ४२७ काळ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोजच्या जगण्यात वांशिक भेदभाव जास्त सोसलेल्या स्त्रियांमध्ये आजाराची तीव्रता आणि अवयवांचे नुकसान जास्त आढळले.

याच अटलांटातून १९०६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी काळ्या अमेरिकनांच्या आरोग्यावरचा अहवाल संपादित केला होता आणि त्यांच्या जास्त मृत्यूंचे मूळ वंशात नसून जगण्याच्या परिस्थितीत आहे असे दाखवले होते. चाळीस वर्षांनी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी याच डु बॉईस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांची आणि काळ्यांची स्थिती किती सारखी आहे याबद्दल ते पत्र होते. आमच्या तरुण संशोधक मित्रांना विनंती आहे की पीएच.डी.साठी तेच ते विषय घेण्यापेक्षा अटलांटातला अभ्यास मराठवाड्यात करून पाहा. जातीचा अपमान सोसलेल्या शरीरात दाह किती साचतो, हे मोजता येते. मोजण्याची साधने आहेत, प्रश्नावली आहेत. प्रश्न विचारणारा पाहिजे.

मोजण्याचाच आणखी एक हिशोब. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ल्युपसचे प्रमाण लाखामागे सुमारे ३ निघाले आणि भारतात हा आजार दुर्मीळ आहे अशी समजूत पक्की झाली. २०२३ मधला जागतिक अंदाज लाखामागे ४३ च्या पुढे आहे. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाख होती. पहिल्या आकड्याने जिल्ह्यात साठएक रुग्ण भरतात, दुसऱ्याने साडेआठशेच्या आसपास. सगळाच फरक न मोजल्याचा आहे असा आमचा दावा नाही, वेगवेगळ्या समाजांत प्रमाण वेगळे असू शकते. पण निदान होण्याआधीच जी बाई मेली ती कोणत्याच पाहणीत सापडत नाही, हे तर खरे ना? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली तेव्हा सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढल्याचे समोर आले. तोपर्यंत ती पण अफवाच होती.

सरकार काय करते? महात्मा फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे आणि तिने अनेक घरे वाचवली आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण ती मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. किडनी निकामी झाली की डायलिसिस योजनेतून मिळते. किडनी निकामी होऊ नये म्हणून दर महिन्याला लागणारी गोळी, दर तीन महिन्यांनी लागणारी तपासणी आणि त्यासाठीचे एसटीचे तिकीट यांची सोय ती करत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात नाहीत आणि ल्युपसचा डॉक्टर भेटला तर तिथेच भेटतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ल्युपस नाही. खुबा गेल्यावर चालता येत नाही म्हणून प्रमाणपत्र मिळते. म्हणजे अवयव गमावून दाखवला की बाई कागदावर येते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी अडारकरांची नेमणूक झाली. त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. आजारपणात कामगाराची मजुरी बुडू नये, हा त्यातला गाभा होता. कारखान्यातला कामगार आजारी पडला तर त्याला आजारपणाचा भत्ता मिळतो. त्याच साखर कारखान्याला ऊस तोडून देणारी बाई आजारी पडली तर खाडा. ऊसतोड कामगारांना आजारपणाच्या भरपाईसह आरोग्य विमा, ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात पहिल्या क्रमांकावर हवी. दुसरी मागणी, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि किडनीची औषधे ग्रामीण रुग्णालयात, निदान झालेल्या रुग्णाला महिन्याच्या महिन्याला. तिसरी मागणी सगळ्यांत स्वस्त आहे. उपकेंद्रात गरोदर बाईची लघवी प्रथिनांसाठी तपासतात. तीच तपासणी सांधे धरलेल्या, अंगावर चट्टे आलेल्या, पाय सुजलेल्या प्रत्येक बाईची करा, ती गरोदर असो वा नसो.

निवेदनाची वाट पाहत बसायचीही गरज नाही. शंभर पट्ट्यांची डबी काही शे रुपयांत मिळते. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या एका तासाला किती पैसे जातात ते प्रत्येक मंडळाला माहीत आहे. यंदा आम्ही मंठा तालुक्यातल्या जयंती मंडळांकडे एकेक डबी मागणार आहोत. आशाताई आणि नर्सबाईंना सोबत घेऊन विहारात रविवारी सकाळी बसायचे. सकाळची पहिली लघवी, स्वच्छ कोरडी बाटली, पाळी चालू असेल तर पुढच्या रविवारी. पट्टी डबीवरच्या रंगांशी जुळवायची आणि तारखेसह वहीत लिहायचे. एक अधिक आले तर आठवड्याने पुन्हा. दोन अधिक किंवा जास्त आले, किंवा सोबत बीपी वाढलेले असले, तर त्याच आठवड्यात बाईला जालन्याला न्यायचे आणि वहीचे पान सोबत द्यायचे. डबीचे झाकण लगेच लावायचे, ओल लागली की पट्ट्या खोटे सांगतात.